दहा सेंटची प्रत

ऑर्व्हिल टॅकेट वाचनालयात येतो
दार उघडायच्या पंधरा मिनिटं आधी.
स्पोकेनच्या जानेवारीत
पंधरा मिनिटं बाहेर उभं राहणं म्हणजे काय
हे मला विचारू नका, माझ्याकडे किल्ली असते.

रेडिएटरजवळची खुर्ची त्याची.
बोटींची मासिकं चाळतो.
आज मात्र थेट माझ्या टेबलाशी आला,
टोपी काढली
(कपाळाच्या वर, केस सुरू व्हायला हवेत तिथे
एक पांढरा, गुळगुळीत पट्टा)
आणि म्हणाला, मॅडम, मला माझा पिक्चर बघायचाय.

मला वाटलं, फोटो.
नाही, पिक्चर. हलणारा.
रेल्वेपुलाखाली काढलेला. सहा वर्षं झाली.
तीन पोरं होती, चांगल्या घरची, दात सरळ.
एकजण तर मला सर म्हणत होता.

शोधायला वेळ लागला नाही.
त्याचं नाव नव्हतं त्यात. त्यांनी दुसरंच ठेवलेलं,
कुत्र्यालाही कुणी ठेवणार नाही असं.
खाली आकडा : एकोणीस लाख.
शेजारी शाळेची मुलं गणितं सोडवत होती,
मी आवाज बंद केला.
तो म्हणाला, चालेल, आवाज मला पाठ आहे.

चार मिनिटं अकरा सेकंद.
सुपरमार्केटची रिकामी ट्रॉली.
डोकं खाली घालून तिच्यावर धावायचं.
वीस डॉलर. रक्त आलं तर वर दहा.
दुसऱ्या धावेला चित्र थरथरतं,
कारण कॅमेरा धरणाऱ्याला हसू आवरत नाहीये.

मी पडद्याकडे बघायचं टाळून
त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले,
म्हणजे बघतच होते.
एकोणीस लाख आणि एक.

थांबवा, म्हणाला.
थोडं मागे. अजून. हां, इथे.

त्याच्या पाठीमागे, खांबापाशी,
दुधाच्या पालथ्या क्रेटवरून अर्धवट उठलेली बाई.
अंगात पुरुषी हिरवा कोट. हात पुढे. तोंड उघडं.
त्या चौकटीत हसत नाहीये ती एकटीच.
हसतोय तोही; तसं ठरलं होतं.

रमोना, म्हणाला.
बायको नव्हे, म्हणजे कागदावर नव्हे.
'ऑर्व्ही, पुरे' म्हणतेय बघा.
तिच्याच इन्सुलिनला गेले त्यातले बरेचसे.
मार्चमध्ये ती गेली.
फोटो नव्हता हो तिचा कुठे.
आमच्यात कोण कुणाचे फोटो काढतं?

मी तक्रारीचं बोलले, वकिलाचं बोलले.
म्हटलं, हे काढून टाकायला लावता येतं,
फॉर्म असतो, मी भरून देते.
काढलं तर ती पण जाईल ना? त्याने विचारलं.
मी चष्मा पुसत बसले.

छापलं शेवटी. शाई संपत आली होती,
कोट राखाडी उमटला.
मी कात्री दिली, म्हटलं, तुम्हाला कापून टाका,
त्या तेवढ्या ठेवा.
तो कापत गेला आपल्याच कडेकडेने,
शिंप्यासारखा, जीभ दातांत धरून,
ट्रॉली गेली, डोकं गेलं, रक्त गेलं,
आणि खांद्यापाशी अडला.
तिची बोटं तिथे टेकलेली होती.
कुठे ती संपते, कुठे तो, शाईला कळत नव्हतं.
राहू दे, म्हणाला. खांदा राहू दे.

एका प्रतीचे दहा सेंट.
नकोत म्हटलं, तर त्याने
एकेक सेंट मोजून टेबलावर मांडला.
फुकट नको, मॅडम.
फुकट दिलं की लोक मग काहीतरी करून दाखवायला सांगतात.

फोटो दुमडू नये म्हणून
त्याने तो बोटींच्या मासिकात ठेवला
आणि मासिक कोटाच्या आत.
मासिकं बाहेर न्यायला परवानगी नाही.
तो दारातून जाईपर्यंत
मी मान खाली घालून नाणी मोजत राहिले,
नऊच होती.